कोयता, कुऱ्हाड आणि मुरुडचे रान

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकांतून लोहारकीचा गौरव करताना लेखकमंडळी बहुधा तलवारीपासून आरंभ करतात. भाले, तोफा, किल्ल्यांच्या दरवाजांवरील अणकुचीदार खिळे यांचे वर्णन होते आणि मग एकदम आजच्या कारखानदारीकडे उडी मारली जाते. या दोहोंच्या मध्ये पिढ्यान्‌पिढ्या जे रोजचे काम झाले, त्याविषयी दोन ओळीही लिहिल्या जात नाहीत. वस्तुतः मुरुडसारख्या गावी लोहाराच्या भात्यापुढे तलवार घेऊन कितीसे लोक आले असतील? आले ते शेतकरी. बांधावरची बोर तोडावयाची आहे, पडीक रान मोडावयाचे आहे, विहिरीच्या कडेला बाभळी माजल्या आहेत, तेव्हा काय घडवून देता, असे विचारीत आले. झाडोरा आणि कोवळी झाडे काढण्यासाठी कोणते पाते घ्यावे, या एकाच प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी काळाकाळाने कसे दिले, हे या लेखात पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

मुरुड म्हटले की बाहेरच्या माणसास जंजिऱ्याशेजारचे मुरुड आठवते. आमचे मुरुड बालाघाटच्या पठारावरचे, लातूर-बार्शी रस्त्यावरचे. १९४८ पर्यंत निजामी राज्यात, पुढे हैदराबाद राज्यात, १९५६ पासून मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात, असा त्याचा राज्यकारभाराचा प्रवास. या नामसाम्याचा उल्लेख विनोदासाठी केलेला नाही. कोकणातल्या मुरुडचा शेतकरी कमरेला लाकडी आकडी बांधतो आणि तीत आपली कोयती अडकवून झाडावर चढतो. राबासाठी ऐनाच्या हिरव्या, रसाळ फांद्या त्यास वरूनच सवळाव्या लागतात. म्हणून त्याची कोयती हलकी, चोचीची आणि एका हाताच्या झटक्यास सोयीची. आमच्याकडे झाडावर चढण्याचे काम थोडे. काम सगळे जमिनीलगत, कोरड्या चिवट लाकडात आणि काट्यात. तीच कोयती येथे आणून बाभळीच्या बुडावर मारली तर चार दिवसांत तिच्या धारेला खांडे पडतील. दोन मुरुडांची नावे एक, पण पाती वेगळी, याचे कारण रानात आहे.

तेव्हा प्रथम रान पाहू. काळ्या जमिनीच्या बांधांवर बोर, बाभूळ, हिवर. मुरमाड उतारावर तरवड. ओसाड जागी रुई. आणि अधूनमधून पाखरांनी पेरलेला कडुनिंब. घाणेरी ही बाहेरची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी आली आणि तेथून देशभर पसरली. वेडी बाभूळ हीही परकीच; मूळ अमेरिकेकडची, त्याच शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात लावली गेली. या प्रत्येकीचे अंग निराळे आहे. रुई इतकी मऊ की साधा विळाही तिला पुरे. मात्र तिचा चीक पात्यावर वाळून राहतो. तरवडाची काडी बारीक, पण चिवट; बोथट पात्याखाली ती तुटण्याऐवजी लवते. बोरीचे लाकूड कठीण आणि काटा आकडेबाज, शिवाय वरून कितीही तोडली तरी पावसाळ्यात बुडाशी दहा फुटवे उभे. बाभळीच्या अंगठ्याएवढ्या रोपालाही असा पीळ असतो की हलके पाते त्यावरून उसळते.

या भूमीत लोखंडी पाते किती जुने, हे सांगणारा पुरावा आपल्यापासून फार दूर नाही. विदर्भातील महापाषाणयुगीन दफनांतून, नागपूरजवळच्या माहुरझरीसारख्या ठिकाणी, लोखंडाच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या आहेत. नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच उत्खननात सापडली. हा काळ इसवी सनापूर्वी काही शतकांचा. त्या कुऱ्हाडींस आजच्यासारखे नेढे नाही. पाते दांड्यास लावून त्यावर लोखंडी पट्ट्या आडव्या आवळलेल्या असत. कारागिराची नजर असलेला मनुष्य ती कुऱ्हाड पाहताच ओळखील की घाव जोराचा बसला तर पाते दांड्यात हलणार, आणि वारंवार आवळावे लागणार. पात्याच्या पोटातच छिद्र पाडून, म्हणजे नेढे करून, त्यात दांडा ठोकण्याची युक्ती ही आपल्या विद्येतील केवढी मोठी पायरी होती, हे त्या पट्ट्या पाहिल्यावाचून लक्षात येत नाही. मुरुडाहून जवळच असलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक दर्यावर्दी-वृत्तांतात, ‘पेरिप्लस’मध्ये, त्याचा उल्लेख आहे आणि तेथील कापड भडोचच्या बंदरास जात असे. ज्या नगरास एवढा कापूस लागे त्याच्या भोवतालचे रान कोणी तरी मोडले असले पाहिजे. ते बोटांनी मोडले नसणार. पण इतिहासकार कापडाचा हिशेब ठेवतात, कोयत्याचा ठेवीत नाहीत, अशी आमची जुनी तक्रार आहे.

मध्ययुगात आपल्या पूर्वेस, आज तेलंगणात असलेल्या निर्मळ आणि कोनासमुद्रम या बाजूस, मुशीतले पोलाद तयार होत असे. त्याच्या लहान गोल वड्या इराणचे व्यापारी नेत आणि त्यांतून पश्चिम आशियातील नामांकित तलवारी घडत. हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूशास्त्रज्ञाने कोनासमुद्रमची ती कृती पाहून लिहून ठेवली व त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ साली, ती छापली गेली. नांदेडच्या शिवेपासून हे मुलूख दूर नव्हेत. तथापि त्या महाग वडीचा कोयता कोणी घडविला नसता. शेतकऱ्याच्या पात्याचे अंग साध्या मऊ लोखंडाचे आणि धारेपुरती पोलादाची पट्टी तापवून, ठोकून, अंगाशी एकजीव केलेली, अशी रीत होती. पोलाद कमी लागे, आणि मऊ पाठ घाव सोसून घेई. पण मऊ लोखंडास ताठपणा येण्यासाठी पाठ जाड ठेवावी लागे. जुने कोयते हाती घेतल्यावर जड लागतात ते यामुळेच. पूर्वजांना वजनाची हौस होती असे समजू नये.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारीची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत लोहार हा शेतीला पदोपदी लागणाऱ्या बलुतेदारांपैकी. आउते शेवटणे, म्हणजे झिजलेली धार तापवून पुन्हा काढून देणे, हे काम बलुत्यात. सुगीला खळ्यावर त्याचे धान्य मिळे. नव्या वस्तूचे मोल निराळे ठरे. लोखंड व बाभळीचा कोळसा बहुधा शेतकरीच आणी, आणि भाता ओढावयास वा घण मारावयास त्याच्याच घरचा माणूस बसे. या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता व ती गेली याचे दुःख आम्हांस नाही. दुष्काळाच्या वर्षी खळे रिकामे आणि लोहाराची टोपलीही रिकामी, हे वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. मात्र आपल्या विषयापुरती एक गोष्ट तीत होती. घडविणारा आणि वापरणारा हे भट्टीच्या दोन बाजूंस समोरासमोर बसत. रान कोणते, हे लोहारास ठाऊक असे, कारण ते त्याच्याच गावचे. कोयता घरधनी वापरणार की घरातील बाई, तो डावखुरा आहे काय, हे विचारावे लागत नसे. आणि आपण विकलेले पाते सहा महिन्यांनी शेवटावयास आपल्याच पुढ्यात येणार, हेही माहीत असे. कुठे वाकले, कुठे खांडा पडला, धार टोकाशी झिजली की बुडाशी, हे पाहून पुढचे पाते सुधारे.

या समोरासमोरच्या बैठकीतून निवडीचे काही ठोकताळे पक्के झाले. ते कोणी लिहिले नाहीत, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

पहिली कसोटी जाडीची. दोन पानांवरचे रोप असेल तर खुरपे, मुळासकट निघते. काडी करंगळीपेक्षा बारीक असेल तर विळा. अंगठ्यापासून मनगटापर्यंत कोयता. मनगटाहून जाड झाले की कुऱ्हाड, आणि तेथे कोयत्याचा हट्ट धरणारा मनुष्य आपला खांदाही घालवितो व पातेही. दुसरी कसोटी लाकडाची. मऊ व ओल्या काडीला पातळ, तिरकस धार; कठीण वाळल्या काडीला धार थोडी बोजड, म्हणजे तिच्या दोन बाजूंमधील कोन मोठा. वस्तऱ्यासारखी धार पहिल्या बाभळीवरच मोडते. तिसरी कसोटी जमिनीची. मुरमाड, दगडाळ उतारावर सरळ टोकाचे पाते दगडावर आपटते. तेथे टोक आत वळवून नाक काढतात, म्हणजे दगडाशी गाठ पडली तर नाकाची पाठ पडते, धार वाचते. याच नाकाने तोडलेली फांदी ओढूनही घेता येते. काट्याच्या कामात डावा हात फांदीला लावावयाचा नसतोच. डाव्या हातात बेळके असलेली काठी, तिने फांदी दाबून धरावयाची आणि उजव्याने घाव. फांदी दाबली की तिचे तंतू एका अंगाने ताणले जातात, आणि ताणलेल्या अंगावर घाव बसला म्हणजे निम्म्या जोरात तुकडा पडतो. हे शास्त्र आता पुस्तकांत मिळते. आपल्या बायाबापड्यांना ते हाताने ठाऊक होते.

यापुढची कसोटी खुंटाची, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. कोयत्याचा घाव तिरका पडतो; मागे राहतो तो भाल्यासारखा टोकदार खुंट. अनवाणी माणसाच्या पायात वा बैलाच्या खुरात तो शिरला म्हणजे त्या दिवसाचे काम संपले, आणि धनुर्वाताची लस गावोगाव पोहोचण्यापूर्वी कधी कधी माणूसही संपे. म्हणून जाणते लोक ज्या वाटेने औत वा जनावर जावयाचे तेथील रोपटी कोयत्याने तोडीत नसत. जमीन ओली असताना कुदळीने बूड मोकळे करून, मातीच्या खाली कुऱ्हाडीने मूळच तोडीत. याने दुसरेही साधे. बोर काय, वेडी बाभूळ काय, फुटवा धरते ती मातीलगतच्या बुडाशी. ते बूड उपटले तरच ती जाते. वरून छाटणे म्हणजे तिची बाग लावणे. कुंपणाला दरसाल काटेरी फांद्या हव्या असतील तेथे मात्र मुद्दाम वरून छाटावे आणि बूड राखावे. म्हणजे गिऱ्हाइकाने कोयता मागितला तरी, झाड मारावयाचे आहे की राखावयाचे, हे प्रथम विचारूनच भाता चालवावा लागे.

आता लोखंडाच्या पुरवठ्याकडे वळू, कारण पात्याचे रूप त्याने बदलले. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी रूळ १९११ साली लातूरपर्यंत आला आणि मुरुड हे त्यावरील एक स्टेशन झाले. बाजारपेठांशी गाव जोडला गेला, आणि गिरणीत लाटलेल्या लोखंडाच्या पट्ट्या आणणे सोपे झाले. १९२० च्या दशकात टाटांच्या ‘अॅग्रिको’ शिक्क्याची कुदळ-फावडी निघाली. एकसारखे वजन, एकसारखी घडण. जगात अन्यत्रही हेच घडत होते. अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात १८२६ साली निघालेल्या कॉलिन्स कंपनीने मध्य व दक्षिण अमेरिकेच्या बाजारांसाठी कोयत्यांचे नाना नमुने काढले. इंग्लंडातील शेफील्डचे कारखानदार आपल्या सूचिपत्रांत परगण्यापरगण्याच्या नावाने निरनिराळे कोयते छापीत. ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. तेथे यंत्र आले, तरी यंत्राने प्रथम खेड्यातील लोहाराचे नमुने उतरवून घेतले. आपल्याकडे ते कोणी उतरवून घेतले नाहीत.

मोटारी वाढल्यावर त्यांच्या मोडक्या कमानींचे पाटे भंगारात येऊ लागले आणि आपल्या धंद्यात लहानशी क्रांतीच झाली. या पोलादात शेकडा अर्ध्या भागाहून थोडा अधिक कर्ब असतो. सबंध पाते एकाच जातीच्या पोलादाचे होऊ लागले, धारेस वेगळी पट्टी जोडण्याचे कष्ट गेले. अंग पातळ झाले, लांबी वाढली, वजन उतरले. आजही बाजारात ‘पाट्याचा कोयता’ म्हटले की गिऱ्हाईक दोन पैसे अधिक देते. पण जुना हात येथे फसतो. पूर्वीची पट्टी लाल करून पाण्यात बुडविली की झाले. पाट्याचे पोलाद पाण्यात एकदम थंड केले तर त्यास केसासारखी चीर जाण्याची भीती, म्हणून त्यास तेल बरे. मग धार घासून उजळ करावी आणि पाठीकडून हळूहळू ऊब द्यावी. उजळ अंगावर प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी निळा रंग चढतो. पिवळ्यावर थांबाल तर धार तीक्ष्ण, पण ठिसूळ; विळ्यास चालेल. बाभळीवर पडावयाच्या कोयत्यास जांभळा उतरून निळा येऊ लागेपर्यंत थांबावे. भर उन्हात रंग दिसत नाहीत. लोहारसाळ अंधारी का असते, असे विचारणाऱ्या सुशिक्षितांस हे सांगावे.

याच सुमारास ऊस आला. ढोकीचा तेरणा कारखाना उभा राहिला, पुढे मांजरेच्या काठी कारखाने झाले. त्याहीपूर्वीपासून आमच्या भागातील व शेजारच्या बीड जिल्ह्यातील माणसे दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीस जाऊ लागली होती. त्या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. एकट्या मजुरास ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आपण घडविलेल्या वस्तूचे नाव माणसाच्या मोजमापास लागावे, आणि तेही असे, ही गोष्ट लोहाराच्या घरी जन्मलेल्यास सुखाने ऐकवत नाही. उसाचा कोयता रुंद, पातळ आणि सरळ. कारण ऊस रसाळ, आणि दिवसभरात हजारो घाव घालावयाचे. चैत्रात माणसे परत येतात, तोच कोयता बांधावरच्या बोरीला लावतात आणि धार कागदासारखी दुमडते. दोष लोहारास मिळतो. दोन कोयते घेण्याची ऐपत नसणे हा त्यातील खरा दोष आहे.

येथे थोडे विषयांतर. १९५९ च्या शस्त्र कायद्याने केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी घडविलेल्या वस्तू शस्त्रांतून वगळल्या आहेत. अलीकडे, २०२२-२३ च्या सुमारास, पुण्याच्या बातम्यांत ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ झाला आणि साधा कोयता विकणारा कारागीरही संशयाने पाहिला जाऊ लागला. नाक असलेले, जाड पाठीचे, बाभळीसाठी घडविलेले पाते आणि मारामारीसाठी मागितलेले लांब पाते यांतील फरक लोहाराला भट्टीवरच कळतो. तो शब्दांत मांडून अधिकाऱ्यांपुढे ठेवता आला, तर आपल्या धंद्याचे रक्षण होईल. त्यासाठी नमुन्यांची नोंद हवी.

शेवटी यंत्राचा विचार. पेट्रोलवर चालणारे, खांद्यास अडकवावयाचे ब्रशकटर आता लातूरच्या दुकानांतून मिळते, आणि पुष्कळ तरुण शेतकरी ते घेतात. गंमत अशी की त्यातही पहिला प्रश्न पात्याचाच. गवतास नायलॉनची दोरी. दाट तण आणि तरवडासारख्या काडीस तीन दातांचे पाते. अंगठ्याहून जाड रोपास बारीक दातांची गोल चकती, सामान्यतः दहा इंच व्यासाची, ऐंशी दातांची. दोन इंचांहून जाड बुंध्यास ती लावू नये. तेथे साखळीकरवत किंवा आपली कुऱ्हाड. तीन दातांचे पाते बाभळीच्या रोपावर घातले तर दात लाकडात शिरून अडतो आणि यंत्र माणसास झटका देते. पाते मिनिटाला हजारो फेरे घेत असते. चकती वरून पाहता डावीकडे फिरते. तिच्यावर घड्याळ कल्पिले तर समोरच्या १२ पासून उजवीकडच्या ३ पर्यंतची कड ही झटक्याची जागा होय. रोपास तो भाग लावू नये, डावीकडची कड लावावी. चकतीस चीर दिसली तर ती सांधून पुन्हा लावू नये. आमचे काही बंधू ती जोडून देतात, ते थांबावे. त्या वेगात सुटलेला तुकडा कोणाला लागेल याचा नेम नसतो.

यंत्राने काम झपाट्याने होते, हे मान्यच आहे. मोकळ्या पडीक रानात आम्ही त्याचीच शिफारस करू. परंतु बांधावर, तारेच्या कुंपणालगत, दगडांत ते चालत नाही, तोडलेला काटा ओढून बाजूस करीत नाही आणि मातीखालचे बूड काढीत नाही. तेथे नाकाचा कोयता व कुदळ अद्याप लागते, आणि ती घडविणारी घरे थोडी उरली आहेत. आपली काही घरे वेल्डिंगकडे गेली, काही ट्रॉल्या बांधू लागली. पाल ठोकून बाजाराच्या गावी काही दिवस राहणारे घिसाडी बंधू, ज्यांच्या बायका भर रस्त्याकडेला घण मारताना आपण पाहतो, तेच अनेक गावांत हे काम चालवीत आहेत. त्यांचे व आपले वेगळेपण काहीही असो, या विद्येत त्यांचा वाटा आपल्याइतकाच आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या माळ्यावर, गोठ्याच्या आढ्याला वा जुन्या भट्टीजवळ वाडवडिलांच्या हातचे कोयते, कुऱ्हाडी, विळे पडून असतील, त्यांनी ते भंगारात घालण्यापूर्वी कागदावर ठेवून पेन्सिलीने त्यांची कड उतरवून घ्यावी. शेजारी वजन, पाठीची जाडी, नेढ्याचा वा मुठीचा प्रकार, गावाचे नाव, आणि ते पाते कोणत्या झाडासाठी वापरीत हे लिहावे. घडविणाऱ्याचे नाव ठाऊक असल्यास तेही. घण मारणारी त्याची पत्नी वा बहीण असेल तर तिचेही नाव वगळू नये. पात्यावर छाप असेल तर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली की तो उमटतो. असे कागद ज्ञातिसंस्थेच्या कार्यालयात येतील तसतसे पुढील अंकांतून ते छापावेत, अशी विनंती आम्ही संपादक मंडळास केली आहे.